उपचार संपले आणि बाकावरून उठून गेलेल्या आईबाबांना खुले पत्र

नमस्कार ताई, नमस्कार दादा,

तुमची नावं मला माहीत नाहीत, पण मी तुम्हाला ओळखते. क्लेफ्टच्या (म्हणजे जन्मतः दुभंगलेला ओठ किंवा टाळू, तोंडातलं वरचं छत) ओपीडीबाहेरच्या बाकावर आपण शेजारी बसलो होतो. तुमच्या मांडीवर ओठाला चिकटपट्टी लावलेलं बाळ होतं, माझ्या मांडीवर माझी लेक. तुमच्या पिशवीतून पिळायची बाटली डोकावत होती आणि खांद्यावरचं फडकं दुधाने ओलं झालेलं होतं. तुम्ही माझ्याकडे वळून विचारलंत, “हिची टाळूपण आहे का?” तोवर आमच्याशी बोलणारा प्रत्येक माणूस आधी बाळाकडे बघायचा, मग नजर वळवायचा आणि मग आवाज खाली आणून काहीतरी म्हणायचा. तुम्ही मात्र “हिला दात आले का?” विचारावं तितक्या सहज विचारलंत. त्या एका प्रश्नाने मला पंधरा दिवसांनंतर पहिल्यांदा नीट श्वास घेता आला.

आज हे पत्र तुम्हाला लिहिते आहे, कारण तो बाक अजून तिथेच आहे आणि तुम्ही तिथे नाही.

तुम्ही यायचं थांबलात यात चूक काहीच नाही. मुलं मोठी झाली, शस्त्रक्रिया पार पडल्या, दातांच्या तारा निघाल्या, फाईल कपाटात वरच्या कप्प्यात गेली. दवाखान्याची पायरी पुन्हा चढावी लागू नये असंच प्रत्येकाला वाटतं. मीही तेच केलं. लेकीची शेवटची तपासणी झाली त्या दिवशी आम्ही मागे वळूनही पाहिलं नाही. पुढची दोन वर्षं मी ‘क्लेफ्ट’ हा शब्द तोंडातून काढला नसेल.

मग दवाखान्यातून फोन येऊ लागले आणि मी जाऊ लागले. अलीकडे एके दिवशी सकाळी असाच फोन आला. प्रसूती विभागातल्या सिस्टरांनी माझा नंबर कधीतरी डायरीत लिहून ठेवला होता. “ताई, रात्री एक बाळ झालंय. ओठ आणि टाळू, दोन्ही. आई कुणाशी बोलत नाहीये. याल का?”

मी गेले. बाळ पाळण्यात होतं आणि त्याच्या तोंडावर मलमलीचं फडकं टाकलेलं होतं. उजेड लागू नये म्हणून नव्हे. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू नये म्हणून. आई भिंतीकडे तोंड करून झोपली होती. मी पर्समधून माझ्या लेकीचे तीन फोटो काढले: जन्मानंतर चौथ्या दिवसाचा, ओठाच्या शस्त्रक्रियेनंतरचा आणि या वर्षीचा. मला वाटलं होतं, ती शेवटचा फोटो बघेल आणि तिला धीर येईल. तिने तो बाजूला ठेवला. पहिला फोटो हातात घेतला, तो तिच्या बाळासारखाच होता, आणि कितीतरी वेळ बघत राहिली. मग पहिल्यांदा बोलली. “दूध कसं पाजलंत?”

चेहरा कसा दिसेल, खर्च किती येईल, लग्न होईल का, हे सगळं नंतर आलं. पहिला प्रश्न दुधाचा होता. आणि त्याचं उत्तर खोलीत फक्त माझ्याकडे होतं.

एवढंच मला सांगायचं आहे. शल्यचिकित्सक ओठ शिवतील, टाळू जोडतील, ते काम त्यांच्याइतकं चांगलं दुसरं कुणी करणार नाही. पण पहिल्या आठवड्यात त्या कुटुंबाला जे हवं असतं ते देणारं माणूस दवाखान्याच्या पगारपत्रकावर बहुतेक ठिकाणी नसतं. ते माणूस म्हणजे तुम्ही.

दुधाचंच बघा. टाळूला फट असली की बाळाला तोंडात पोकळी धरता येत नाही, म्हणजे चोखायला जो ओढा लागतो तो तयारच होत नाही. बाळ जीव तोडून चोखतं, दमतं, झोपतं आणि पोटात दूध जवळजवळ गेलेलं नसतं. आईला वाटतं, पाऊण तास पाजलं. वजनकाटा वेगळं सांगतो. नुसता ओठच दुभंगलेला असेल तर कित्येक बाळं अंगावर पिऊ शकतात, टाळूचं मात्र तसं नाही. हे पुस्तकात असतं. पण बाळाला जवळजवळ बसवल्यासारखं उभं धरायचं, मऊ बाटली ते गिळेल त्या तालावर पिळायची, त्याच्या गिळण्याच्या पुढे जायचं नाही, मध्ये मध्ये खांद्यावर घेऊन ढेकर काढायचा कारण या बाळांच्या पोटात हवा फार जाते, आणि अर्ध्या तासाच्या वर एक पाजणं ताणायचं नाही, नाहीतर बाळाने मिळवलेली ताकद पिण्यातच खर्ची पडते, हे हाताला कळावं लागतं. नाकातून दूध आलं की नवी आई घाबरून पाजायचंच थांबवते. त्या वेळी शेजारी बसून शांतपणे “येतं तसं. थांबा, उभं धरा, पुसा, पुन्हा सुरू करा” असं म्हणणारं कुणीतरी लागतं. आणि त्याच दमात हेही सांगणारं, की बाळाला ठसका थांबत नसेल, श्वास अडकत असेल, अंग निळसर पडत असेल किंवा वजन वाढत नसेल तर घरी उपाय करत बसायचं नाही, त्याच क्षणी डॉक्टर.

माझ्या वेळी असं कुणी नव्हतं. जिथे मी बाळंत झाले तिथे लेक मला सहा तास दाखवली नाही. “तसं थोडंसं आहे, डॉक्टर येऊन सांगतील,” असं म्हणून दरवाजा लोटला गेला. त्या सहा तासांत मी मनात काय काय चित्रं रंगवली ते सांगत नाही. जे होतं त्याहून ती सगळी भयंकर होती. मग घरी सोडताना एक वाक्य: “चमच्याने पाजा.” आम्ही चमच्याने पाजलं. दिवसाचे चोवीस तास जणू पाजतच होतो, मी आणि तिचे बाबा आळीपाळीने. बाराव्या दिवशी वजन केलं तर जन्माला होतं त्याहून चारशे ग्रॅम कमी. मी कोसळले. शस्त्रक्रिया वजनावर ठरते, ते तेव्हा मला कळलं. ओठाच्या शस्त्रक्रियेसाठी डॉक्टर पूर्वापार दहाचा नियम सांगतात: वय दहा आठवडे, वजन दहा पौंड म्हणजे साधारण साडेचार किलो आणि हिमोग्लोबिन दहा. आज अनेक पथकं तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान ओठ करतात, पण वजनाचा मुद्दा सुटत नाही. दूध जात नाही म्हणून वजन नाही, वजन नाही म्हणून तारीख पुढे, तारीख पुढे म्हणून आई आणखी खचलेली. या फेऱ्यातून मला बाहेर काढलं ते बाकावरच्या त्या ताईंनी. त्यांनी माझ्या हातातला चमचा घेतला, पिशवीतली आपली जादाची बाटली दिली, आणि माझा डावा हात लेकीच्या मानेखाली कसा असायला हवा ते स्वतःच्या हाताने लावून दाखवलं. वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांचं ऋण घेऊन मी एकोणीस वर्षं फिरते आहे.

आईबापांनी एकमेकांना सांगितलेल्या गोष्टींना कमी लेखू नका. ब्रिटनमधल्या मॅन्डी हॅबरमन डॉक्टर नव्हत्या. १९८० साली त्यांना मुलगी झाली, तिला चोखून दूध पिता येईना. बाजारात मिळेल त्या बाटलीने जमेना, तेव्हा त्यांनी स्वतः डोकं लावून वेगळी बाटली तयार केली: दूध एकाच दिशेने जाऊ देणारी झडप आणि हलके दाबता येईल असं निपल, म्हणजे बाळाला ओढावं लागत नाही, नुसतं चावलं-दाबलं तरी दूध येतं. ‘हॅबरमन फीडर’ या नावाने ती बाटली पुढे जगभरच्या नवजात विभागांत पोहोचली. एका आईच्या जागरणातून ती निघाली. त्याच्या एकच वर्ष आधी, १९७९ मध्ये, त्याच देशात पालक आणि उपचार करणारी मंडळी यांनी मिळून ‘क्लेफ्ट लिप अँड पॅलेट असोसिएशन’ ही संस्था काढली. ती आजही चालते, आणि या वाटेवरून गेलेले पालक तिथे नव्या पालकांना साथ देतात. तिथल्या व्यवस्थेत निदान झाल्यापासून चोवीस तासांच्या आत क्लेफ्टची विशेष परिचारिका कुटुंबाशी संपर्क साधते. चोवीस तास! माझे सहा तास आणि बारा दिवस मला त्या आकड्याशेजारी ठेवून बघवत नाहीत.

हे काही क्वचित घडणारं नाही. जगभराचा हिशोब धरला तर साधारण सातशे जन्मांमागे एक बाळ दुभंगलेला ओठ किंवा टाळू किंवा दोन्ही घेऊन येतं. म्हणजे कुठल्याही मोठ्या प्रसूतिगृहात वर्षभरात एखादी तरी आई भिंतीकडे तोंड करून झोपलेली असते. प्रत्येकीला वाटतं, हे जगात आपल्यालाच झालं. आणि प्रत्येकीच्या आसपास कुणीतरी तिचा दोष शोधत असतं. तू काय खाल्लंस, काय पाहिलंस, काय कापलंस, कुठे गेली होतीस, आकाशात तेव्हा काय होतं. त्या नव्या आईच्या सासूबाईंनीही मला दारात गाठून हेच विचारलं. वाईट मनाने नव्हे, त्यांनाही कारण हवं होतं. मी त्यांना जे सांगितलं ते तुम्हीही सांगू शकाल: बाळाचा वरचा ओठ गरोदरपणाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो, टाळू सहाव्या ते नवव्या आठवड्यात. कित्येक बायकांना तोवर दिवस गेल्याचंही नीट कळलेलं नसतं. जुळायचं ते त्या वेळी जुळलं नाही. यामागे बहुतेकदा अनेक जनुकं आणि भोवतालची कारणं यांची सरमिसळ असते. गरोदरपणातलं धूम्रपान, आधीपासूनचा मधुमेह, फिट्सवरची काही औषधं यांनी शक्यता वाढते, हे खरं आहे आणि ते पुढच्या खेपेसाठी डॉक्टरांशी बोलायचं असतं. औषध मात्र मनाने बंद करायचं नाही. पण बहुतेक घरांत बोट ठेवावं असं एक कारण सापडत नाही. सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग आत गेल्या आणि बाळाच्या तोंडावरचं फडकं काढून घडी करून ठेवलं.

आता मला ज्याची सगळ्यात जास्त काळजी वाटते ते सांगते. ओठ शिवला की गर्दी पांगते.

ओठाचं सगळ्यांना दिसतं. शस्त्रक्रियेच्या दिवशी माणसं येतात, फोन येतात, महिन्याभराने “अरे वा, कळतसुद्धा नाही” म्हणतात. खुद्द आईबापांच्या मनात तेव्हा काय चाललंय ते मात्र कुणाला कळत नाही. माझ्या लेकीचं जुनं हसू कानापर्यंत पसरायचं. ओठ शिवल्यावर तिच्या जागी दुसरंच बाळ दिल्यासारखं मला वाटलं आणि मी त्या रुंद हसण्यासाठी रडले. कृतघ्न असल्यासारखं वाटून ते मी कुणाला सांगितलं नाही. नंतर बाकावर कळलं की कितीतरी जणी अशा रडल्या होत्या. हे नव्या आईला आधीच सांगून ठेवा. आणि शस्त्रक्रियेच्या आधी भरपूर फोटो काढायला सांगा, हसतानाचे. पुढे मुलाला ते हवे असतात.

टाळूचं कुणाला दिसत नाही. आपल्या भाषेची तर आणखी एक अडचण आहे: टाळू म्हटलं की घरातल्या मोठ्यांना डोक्यावरची मऊ जागा आठवते. “टाळूचं ऑपरेशन” म्हटल्यावर आमच्याकडे दोन जण लेकीच्या डोक्याकडे बघत होते. तोंड उघडून आतलं छत दाखवल्याशिवाय त्यांच्या लक्षात येईना. ती शस्त्रक्रिया साधारण नऊ महिने ते दीड वर्ष या काळात होते, बोलणं फुटायच्या सुमारास, आणि ती का करायची ते समजलं नाही तर घर म्हणतं, “आता तर चांगली दिसते की, कशाला पुन्हा भूल द्यायची?” इथे कुटुंबं गळतात. चेहरा बरा झाला, मग बाकीचं राहून जातं. बोलणं मागे पडतं आणि शाळेत गेल्यावर लोक म्हणतात मूल मंद आहे. ते मंद नसतं. हवा नाकातून निसटत असते.

माझी लेक पहिल्यांदा बोलू लागली तेव्हा बाबांना ‘मामा’ म्हणायची. सगळ्यांना गंमत वाटायची, तिचा मामा तर फारच खूष. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी एक छोटा आरसा तिच्या नाकाखाली धरला आणि तिला ‘बाबा’ म्हणायला सांगितलं. आरशावर वाफ धरली. ‘ब’ म्हणताना हवा तोंडात अडवून सोडायची असते आणि तेव्हा टाळूचा मागचा मऊ पडदा वर जाऊन नाकाचा रस्ता बंद करतो. तिचा पडदा पुरता पोहोचत नव्हता, म्हणून ‘ब’चा ‘म’ होत होता. ती मामाला हाक मारतच नव्हती. ती तिच्या बाबांनाच हाक मारत होती आणि आम्ही ते ओळखत नव्हतो. त्यानंतर दीड वर्ष रोज संध्याकाळी जेवणाआधी दहा मिनिटं ‘प’ आणि ‘ब’. काही मुलांना सरावाने पुरतं, काहींना आणखी एक शस्त्रक्रिया लागते, ते तज्ज्ञच तपासून ठरवतात. आमचं सरावावर भागलं. ज्या संध्याकाळी आरसा कोरडा राहिला, त्या संध्याकाळी तिचे बाबा स्वयंपाकघरात येऊन पाठमोरे उभे राहिले, बराच वेळ.

ही दहा मिनिटं रोज, दीड वर्ष, एकट्याने रेटणं फार कठीण असतं. शस्त्रक्रियेला धैर्य लागतं, पण ते एका दिवसाचं. सराव कंटाळवाणा असतो, फरक दिसत नाही, मूल पळून जातं, घरचे म्हणतात मोठी झाली की बोलेल. याच काळात “आमचंही असंच चाललं होतं, चौथ्या महिन्यात पहिला ‘प’ आला” असा फोनवर एक आवाज हवा. मला विचाराल तर पहिल्या भेटीपेक्षाही हा फोन मोलाचा आहे. म्हणून नव्या कुटुंबाला एकदा भेटून फूल देऊन निघून येऊ नका. दीड-दोन वर्षं अधूनमधून विचारत राहा.

कानांचंही विचारा. टाळूचे जे स्नायू कानाची नळी उघडतात तेच नीट जोडलेले नसल्यामुळे या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे चिकट पाणी साठतं. मूल ऐकत नाही म्हणून आपण ओरडतो, आणि त्याला खरंच ऐकू येत नसतं. कानांची तपासणी चुकवू नका, हे एक वाक्य कुणीतरी वेळेवर म्हटलं म्हणून कितीतरी मुलांचे शब्द वाचले असतील. पुढे सात ते अकराच्या दरम्यान, सुळा यायच्या आधी, हिरडीतल्या फटीत हाड भरावं लागतं. कुणाकुणाला वाढ पूर्ण झाल्यावर जबड्याची शस्त्रक्रिया. तो सगळा तक्ता डॉक्टर देतील. तुम्ही फक्त एवढं सांगा की हा रस्ता लांब आहे, पण रोज चढ नाही. मध्ये अनेक वर्षं अशी जातात की मूल नुसतं मूल असतं.

आता, जाऊन काय बोलायचं याबद्दल थोडं, कारण माझ्याकडून चुका झाल्या आहेत. पहिल्याच वेळी मी एका आईला म्हणाले, “काही नाही हो, छोटंसं ऑपरेशन असतं.” तिचा चेहरा मिटला. तिच्यासाठी ते छोटं नव्हतं आणि मी ते माझ्या एका वाक्याने छोटं करून टाकलं. धीर द्यायला गेल्यावर आपली जीभ आपोआप तिकडेच वळते, तिला आवरायला हवं. आपली कहाणीही विचारल्यावरच आणि थोडीच सांगायची, कारण त्या खोलीत आपलं दुःख मोठं करून ठेवायला जागा नसते. उपचारांबद्दल मत द्यायचं नाही: कोणते डॉक्टर, कोणती पद्धत, टाळूला प्लेट लावायची की नाही. प्रत्येक बाळाची फट वेगळी असते. एका बाजूची, दोन्ही बाजूंची, नुसती टाळूची. काही बाळांमध्ये त्यासोबत हनुवटी लहान असते, श्वासाचा त्रास असतो किंवा हृदयाचं काही असतं आणि तिथे आपला अनुभव लागूच पडत नाही. “हे पथकाला विचारा, प्रश्न लिहून न्या” म्हणायचं आणि हवं तर प्रश्न लिहून द्यायला मदत करायची.

बाळाचं नाव विचारा. नाव ठेवलं नसेल तर घरात काय म्हणतात ते विचारा. बाळाला हातात घेऊ का, असं विचारा आणि घ्या. त्याच्याशी बोला. आईने त्या खोलीत आजवर सगळ्यांना बाळाच्या ओठाकडे बघताना पाहिलेलं असतं, कुणाला त्याच्या डोळ्यांकडे बघताना बहुधा पाहिलेलं नसतं.

दादा, हे तुमच्यासाठी. बाबा लोक व्हरांड्यात उभे असतात. औषधं आणतात, फॉर्म भरतात, नातेवाइकांना फोन करतात आणि कुणी त्यांना “तुम्ही कसे आहात?” विचारत नाही. बाई म्हणून मी गेले तर ते बाजूला होतात, आम्हाला जागा देतात. त्यांच्याशी तुम्हीच बोलू शकाल. त्यांच्याबरोबर नुसतं खाली जाऊन चहा पिऊन आलात तरी चालेल.

आणि एक गोष्ट मी माझ्या लेकीकडून शिकले. फोटो दाखवायला लागल्यावर काही महिन्यांनी तिला कळलं. ती म्हणाली, “माझा चेहरा आहे, मला विचारलं का नाहीस?” ती बरोबर होती. मी माफी मागितली. तिने दोन दिवस विचार केला आणि मग स्वतःच तीन फोटो निवडून दिले, माझे नव्हे, तिला आवडणारे. एक अट घातली: दाखवताना ‘बिचारी’ हा शब्द वापरायचा नाही. तुमचंही मूल आता मोठं झालं असेल. त्याला विचारा. ते नाही म्हणालं तर फोटोशिवाय जा. आणि ते स्वतः यायला तयार असेल तर त्याला नक्की घेऊन जा, कारण मोठं झालेलं, व्रण असलेलं, आपल्या कामाधंद्याविषयी बोलणारं माणूस खोलीत शिरतं तेव्हा आईबाप आपल्या बाळाकडे वेगळ्या नजरेने बघू लागतात. मी ते घडताना पाहिलं आहे.

प्रसूती विभागातल्या डॉक्टर आणि सिस्टर हे पत्र वाचत असतील तर त्यांना माझी विनंती आहे. बाळ आईला लगेच दाखवा, तिने मनात चित्र रंगवण्याआधी. प्रत्येक नवजात बाळाची टाळू उजेड पाडून डोळ्यांनी बघा, नुसतं बोट फिरवू नका, कारण ओठ नीट असलेल्या बाळाची मागची फट बोटाला चुकते आणि ते बाळ आठवडे उपाशी राहतं. घरी पाठवण्याआधी एक पाजणं स्वतः शेजारी उभं राहून बघा, आणि पुढच्या आठवड्याच्या वजनाची तारीख लिहून द्या. आणि तुमच्या डायरीत आमच्यासारख्यांचे नंबर ठेवा. कुटुंबाला आधी विचारा आणि ते हो म्हणाले तरच फोन करा. पण विचारा नक्की.

कारण सध्या त्या डायरीत एकच नंबर आहे, माझा. गेल्या वर्षी मी पाच वेळा गेले. दोनदा जाता आलं नाही, एकदा मी आजारी होते, एकदा लेकीची परीक्षा. त्या दोन घरांचं काय झालं ते मला कळलेलं नाही. ते मला टोचतं.

ज्या बाळाच्या तोंडावर फडकं होतं, ते आता साडेतीन महिन्यांचं आहे. वजन पाच किलो दोनशे. आई बाटली एका हाताने पिळत दुसऱ्या हाताने फोनवर बोलू शकते, इतकी तयार झाली आहे. पुढच्या मंगळवारी सकाळी आठला त्याला ओठाच्या शस्त्रक्रियेसाठी आत नेतील. भूल द्यायच्या आधी काही तास त्याला दूध देता येणार नाही, ते रडेल, तिला ते सोसणार नाही, आणि मग दार बंद झाल्यावर ते जे दोन-तीन तास असतात ते तुम्हाला माहीत आहेतच. तिने मला विचारलं, “याल ना?” मला त्या दिवशी सुट्टी मिळत नाही. दुपारी दोनपर्यंत तरी नाही.

तुमच्यापैकी कुणी सकाळी त्या बाकावर येऊन बसू शकेल का? सिस्टरांना सांगितलं आहे. नंबर त्यांच्याकडे देऊन ठेवा.

तुमचीच,
बाकावर तुमच्या शेजारी बसलेली एक आई